नवे सुचणे शिकवता येते काय?

कसब शिकून येते, पण नवे सुचणे ही ज्याची त्याची देन असते, अशी समजूत आपल्या कारागीर आणि दुकानदार बांधवांत खोलवर रुजलेली आहे. शागीर्द चार-पाच वर्षे उस्तादाच्या हाताखाली राहतो, हात बसतो, माल बिनचूक निघू लागतो; परंतु बाजाराने वेगळा नमुना मागितला की तोच कुशल हात थबकतो. "आमच्याकडे असेच बनते," हे उत्तर मिळते आणि गिऱ्हाईक पुढच्या दुकानाची पायरी चढते. यंत्रमागाचे कापड असो, हिमरूची शाल असो, जरीकाम, चप्पल, बांगड्या किंवा बेकरी असो, तक्रार सगळीकडे एकच आहे. हुनर आहे, पण मालात नवेपणा नाही.

दुसरीकडे, नवे विचार करायला शिकवतो असे सांगून फी घेणारी शिबिरे आज शहरोशहरी भरतात. एक-दोन दिवसांचा वर्ग, जेवण, फाईल, शेवटी प्रमाणपत्र. तरुण मंडळी घरून पैसे मागून तेथे जातात. ते पैसे मोजण्यापूर्वी अशा शिक्षणाने नेमके काय वाढते, कल्पकता वाढते की नुसता आत्मविश्वास, हे पाहून घेणे बरे. या प्रश्नावर जगात गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे अभ्यास चालू आहे. त्यातला आपल्या धंद्याच्या कामाचा भाग येथे मांडत आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपल्यातील काही बुजुर्गांना 'नवे' हा शब्दच खटकतो. दीनमध्ये नवे घुसडणे ही एक गोष्ट आणि दुनियेच्या कामात उपयोगी युक्ती स्वीकारणे ही वेगळी गोष्ट. हिजरी सन ५ मध्ये (इ. स. ६२७) मदिनेवर मोठे सैन्य चालून आले, तेव्हा शहराच्या उघड्या बाजूला खंदक खोदण्याची सूचना हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी केली. ही रीत इराणची होती, अरबांच्या लढाईत ती माहीत नव्हती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती मान्य केली आणि स्वतः खोदकामात भाग घेतला. दुसऱ्या मुलखातील माहितीची वस्तू आपल्या गरजेला जोडणे, यालाच आजचे अभ्यासक कल्पकतेचे एक मुख्य अंग मानतात.

कल्पकता मोजतात कशी?

१९५० साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष जे. पी. गिलफर्ड यांनी आपल्या अध्यक्षीय भाषणात तक्रार केली की, बुद्धीचे मोजमाप सगळे करतात, पण नवनिर्मितीच्या शक्तीकडे कोणी पाहत नाही. तेथून या विषयाच्या अभ्यासाला जोर आला. पुढे १९६६ मध्ये ई. पॉल टॉरन्स यांनी तयार केलेल्या चाचण्या जगभर वापरल्या गेल्या. या चाचण्यांतला एक प्रश्न अगदी साधा असतो. एखादी रोजची वस्तू, उदाहरणार्थ वीट, सांगायची आणि तिचे जमतील तितके उपयोग लिहायला लावायचे.

आपण वीट सोडून यंत्रमागावर रिकामा झालेला पुठ्ठ्याचा कोन घेऊ. त्याचे काय काय करता येईल? एकाने लिहिले: खिळे ठेवायला, पेन ठेवायला, सुया ठेवायला, चमचे ठेवायला. चार उत्तरे झाली खरी, पण चारही 'ठेवण्या'चीच. दुसऱ्याने लिहिले: तेल ओतायचे नरसाळे, रोपाची कुंडी, दिव्याची टोपी. उत्तरे तीनच, परंतु जाती तीन. म्हणून तपासणारा केवळ संख्या मोजत नाही. उत्तरे किती, त्यांच्या जाती किती, इतरांना न सुचलेली किती आणि तपशिलासह विचार केलेली किती, असे चार हिशेब तो मांडतो. आमच्या मते दुकानदाराला यातला दुसरा हिशेब सर्वांत मोलाचा आहे. रंग बदलून वीस नमुने काढणारा कारखाना नव्या वीस वस्तू काढत नसतो, एकाच वस्तूचे वीस रंग काढत असतो.

शिकवल्याने काय फरक पडतो?

२००४ साली स्कॉट, लेरिट्झ आणि ममफर्ड या तीन अभ्यासकांनी त्यापूर्वी झालेले सत्तर अभ्यास एकत्र तपासले. चांगल्या रीतीने आखलेल्या शिक्षणाने कल्पकतेत वाढ होते, हा त्यांचा निष्कर्ष. पण सगळी शिबिरे सारखी नव्हती. जेथे प्रश्न नीट ओळखणे, माहिती गोळा करणे, दोन वेगळ्या गोष्टी जोडणे, सुचलेले पारखणे अशा पायऱ्या शिकवल्या आणि सराव प्रत्यक्ष कामासारख्या प्रश्नांवर करून घेतला, तेथे परिणाम चांगला झाला. डोळे मिटून कल्पना करा, मन मोकळे सोडा, एवढ्यावर भर देणाऱ्या शिबिरांची कामगिरी तशी नव्हती.

यानंतर २०२४ मध्ये पाच दशकांच्या अभ्यासांचा आणखी मोठा आणि अधिक कडक आढावा प्रसिद्ध झाला. त्यातही फायदा दिसलाच. मात्र यश मिळालेले प्रयोग छापले जातात आणि अपयशी प्रयोग कपाटात राहतात, याचा हिशेब धरल्यावर तो फायदा मूळ आकड्याच्या निम्म्याहून थोडा अधिक एवढाच उरला. शिवाय बऱ्याच अभ्यासांची आखणीच ढिली होती, असेही त्या अभ्यासकांनी स्पष्ट लिहिले. म्हणजे फायदा आहे, पण शिबिराच्या जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. विटेचे उपयोग लिहिण्याचा सराव केलेला माणूस विटेच्या परीक्षेत अधिक गुण मिळवणारच. त्याच्या दुकानातला माल त्यामुळे बदलला काय, हा प्रश्न वेगळा.

शिबिरांत हमखास करून घेतला जाणारा एक प्रकार म्हणजे ब्रेनस्टॉर्मिंग. जाहिरातीच्या धंद्यातील ॲलेक्स ऑसबॉर्न यांनी तो रूढ केला. त्यात सर्वांनी गोल बसायचे, सुचेल ते बोलायचे, कोणी कोणावर टीका करायची नाही. कल्पना छान आहे. १९५८ साली येल विद्यापीठात तिची परीक्षा झाली. चार-चार माणसांचे गट एकत्र बसवले आणि दुसरीकडे चार-चार माणसांना वेगवेगळे बसवून त्यांची उत्तरे नंतर एकत्र केली. एकटे बसलेल्यांच्या एकत्रित सूचना जवळजवळ दुप्पट निघाल्या! पुढे १९८७ मध्ये याचे एक मोठे कारणही दाखवून देण्यात आले. एक बोलत असतो तेव्हा बाकीच्यांना थांबावे लागते आणि थांबता थांबता सुचलेले विसरते किंवा बोलावेसे वाटत नाही.

आपल्या कारखान्यांत तर याहून मोठी अडचण आहे. मालक किंवा उस्ताद प्रथम बोलतो. त्यानंतर अदबीने सगळे "जी उस्ताद" म्हणतात आणि बैठक संपते. अदब राहिलीच पाहिजे, ती आपली दौलत आहे. परंतु आधी प्रत्येकाने आपापल्या जागी, एकट्याने विचार करायचा, लिहिता येत नसेल तर चित्र काढायचे, आणि उस्तादाने सर्वांत शेवटी बोलायचे, असा क्रम ठेवला तर अदबीला धक्का न लागता शागीर्दाचे डोके कामाला येते.

हिंमत कोठून येते?

कल्पकता आणि आत्मविश्वास ही दोन वेगवेगळी खाती आहेत, हे येथे ध्यानात ठेवावे. आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली असे मांडले की, 'हे काम मला जमेल' हा भरवसा माणसात चार वाटांनी येतो. स्वतः केलेले काम यशस्वी झाले म्हणून, आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमलेले पाहिले म्हणून, भरवशाच्या माणसाने सांगितले म्हणून, आणि शरीर-मनाची भीती, धडधड कमी झाली म्हणून. या चारांत पहिली वाट सर्वांत पक्की. २००२ मध्ये टिअर्नी आणि फार्मर यांनी हाच विचार नवनिर्मितीला लावला. 'मला नवे काही काढता येईल' हा भरवसा, कामातील सर्वसाधारण भरवशाहून वेगळा मोजता येतो, असे त्यांनी दाखवले. आपल्याकडे हे रोज दिसते. जो कटिंग मास्टर डोळे झाकून शेरवानी कापतो, तोच नव्या धाटणीचे नाव काढले की मागे सरतो. त्याला कापण्याचा भरवसा आहे, शोधण्याचा नाही.

हा भरवसा शिकवल्याने वाढतो. नॉर्वेत बांडुरांच्या विचारावर एक दिवसाचा आणि पाच दिवसांचा असे दोन अभ्यासक्रम तयार केले गेले. २००९ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. भरवसा वाढल्याचे त्यात आढळले. चांगली गोष्ट आहे. पण भरवसा मोजायचा म्हणजे माणसालाच विचारायचे की, तुला आता जमेल असे वाटते काय? जेवणखाण, टाळ्या आणि प्रमाणपत्र झाल्यावर कोण 'नाही' म्हणेल? हे आम्ही सदर अभ्यासाला उद्देशून म्हणत नाही, शिबिरे भरवणाऱ्यांना उद्देशून म्हणत आहोत. भरवसा एका दिवसात चढतो, कल्पकता सावकाश चढते. ज्याचा भरवसा वाढला आणि पारख वाढली नाही, तो माणूस पहिल्याच नव्या नमुन्यात घरचे भांडवल घालून बसतो. सर्वांत मोठे नुकसान येथेच होते.

लोमे शहरातील दीड हजार दुकानदार

परीक्षेच्या कागदावर नव्हे, तर गल्ल्यात काय फरक पडला, हे मोजणारा एक प्रयोग आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. पश्चिम आफ्रिकेत टोगो नावाचा छोटा देश आहे. तेथील राजधानी लोमे येथे १५०० छोटे व्यावसायिक निवडून त्यांचे पाचशे-पाचशेचे तीन गट पाडले. पहिल्या गटाला काही शिकवले नाही. दुसऱ्याला नेहमीचे व्यापारी शिक्षण दिले: हिशेब, विक्री, माणसे सांभाळणे. तिसऱ्या गटाला पुढाकार घेण्याचे शिक्षण दिले. कोणी सांगण्याची वाट न पाहता सुरुवात करणे, बाजारात इतरांपेक्षा वेगळे काय देता येईल ते शोधणे, पुढच्या अडचणी आधी ओळखणे आणि अडले तरी वाट काढत राहणे, असा त्याचा आशय होता. जर्मन मानसशास्त्रज्ञ मायकेल फ्रेझे यांच्या कामावर ते आधारलेले होते.

निकाल २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दोन वर्षांहून अधिक काळ या दुकानांचा मागोवा घेतला होता. पुढाकाराचे शिक्षण घेतलेल्यांचा नफा, न शिकलेल्यांच्या तुलनेत ३० टक्के वाढला. नेहमीचे व्यापारी शिक्षण घेतलेल्यांचा ११ टक्के वाढलेला दिसला, पण तो फरक योगायोगाचाही असू शकेल इतका कच्चा होता. स्त्रियांच्या धंद्यात हे अंतर आणखी ठळक होते. पुढाकाराच्या गटातील स्त्रियांचा नफा ४० टक्के, तर नेहमीच्या शिक्षणाच्या गटातील स्त्रियांचा अवघा ५ टक्के वाढला. घरी बसून जरीचे, शिवणाचे, पापड-मसाल्याचे काम करणाऱ्या आपल्या भगिनींनी आणि त्यांच्या घरातील पुरुषांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा.

तिसऱ्या गटातील लोकांनी नवा माल अधिक बाजारात आणला. लग्नाचे पोशाख भाड्याने देणाऱ्या एका बाईने त्याच गिऱ्हाइकांना लागणारे हातमोजे आणि ओढण्या विकायला सुरुवात केली. यात कसली अद्भुत कल्पना आहे? काहीच नाही. पोशाख घ्यायला आलेली वधू आणखी कोठे आणि कशासाठी जाते, एवढेच तिने पाहिले.

आता हे शिक्षण कसे दिले तेही पाहा. चार आठवड्यांत ३६ तास वर्ग आणि त्यानंतर चार महिने, महिन्यातून एकदा शिकवणारा माणूस स्वतः दुकानावर जाऊन बसत असे. वर्ग संपला आणि फोटो काढून सगळे पांगले, असे झाले नाही. बांडुरांची पहिली वाट, म्हणजे स्वतःच्या हाताने मिळवलेले यश, तिला वेळ दिला गेला. खर्चही कमी नव्हता, दर दुकानामागे सुमारे ७५० डॉलर. वाढलेल्या नफ्यातून तो वर्षभरात वसूल झाला, असा त्यांचा हिशेब आहे. हिशेब लिहिणे निरुपयोगी, असा याचा अर्थ कोणी काढू नये. वही ठेवल्याने चोरी आणि गळती कळते, परंतु उद्या काय विकावे हे वही सांगत नाही.

मिरजेचे शिकलगार

टोगो दूर आहे, मिरज जवळ आहे. मिरजेच्या शिकलगार कारागिरांचे पिढीजात काम तलवारी, भाले, हत्यारे घडवण्याचे आणि त्यांना धार-चकाकी देण्याचे. १८१८ मध्ये पेशवाई गेली, फौजा मोडल्या, हत्यारांची मागणी आटली. ज्या हुनरावर घर चालत होते, त्याला गिऱ्हाईकच उरले नाही. मिरज हे पटवर्धन संस्थानिकांचे शहर. तेथे गाण्या-बजावण्याला आश्रय होता, पण तंतुवाद्ये बिघडली की दुरुस्त कोण करणार हा प्रश्न होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांनी हे काम हाती घेतले. प्रथम दुरुस्ती, मग स्वतः वाद्य घडवणे, असा तो प्रवास झाल्याचे सांगितले जाते. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी 'सतारमेकर' हे आडनावच लावले.

कोनाच्या परीक्षेत आपण 'जाती' मोजल्या, त्या येथे मोजून पाहाव्यात. लोखंड गेले, लाकूड आणि भोपळा आला. पण कानस चालवणारा बारीक हात तोच राहिला, घासून-घासून अचूक पृष्ठभाग काढण्याची सवय तीच राहिली. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा अगदी हलक्या वळणाने घासावा लागतो, तेव्हाच तारेचा झंकार मोकळा होतो. यालाच जवारी काढणे म्हणतात. केसभर जास्त घासले तर आवाज बसतो. धारेची पारख असलेल्या बोटांना हे काम मानवले, यात आम्हाला नवल वाटत नाही. बोटांना येत नव्हती ती एकच गोष्ट म्हणजे सुराची पारख. ती त्यांनी गवयांकडून घेतली. मिरजेत राहिलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ (निधन १९३७) तर स्वतःच वाद्ये दुरुस्त करण्यात वाकबगार होते. असे गिऱ्हाईक दारात असणे हेच मोठे शिक्षण. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

या घराण्यांनी कोणते शिबिर केले नव्हते हे खरे. पण अभ्यासकांनी ज्या पायऱ्या पुढे कागदावर मांडल्या, त्या सगळ्या येथे दिसतात: आपल्या हाताला काय येते ते वेगळे काढले, कोणाला कसली गरज आहे ते पाहिले, दुरुस्तीसारख्या कमी जोखमीच्या कामाने सुरुवात केली आणि जाणकार गिऱ्हाइकाकडून पारखून घेतले. दुरुस्तीतून मिळालेल्या प्रत्येक यशाने पुढचे वाद्य घडवण्याची हिंमत दिली असणार. लोमेच्या दुकानदारांना चार महिने घरी येऊन जे शिकवावे लागले, ते मिरजेत पेठेनेच शिकवले. आज पेठेत तशी सोबत उरलेली नाही, म्हणून शिक्षणाची गरज भासते.

आपल्या कारखान्यात

फी भरून शिबिराला जायचे असेल तर तीन गोष्टी आधी विचाराव्यात. सराव माझ्या धंद्यातील प्रश्नावर करून घेणार काय, नंतर कोणी येऊन पाहणार काय, आणि आधी शिकून गेलेल्या दोघा-तिघांची दुकाने दाखवणार काय. तिन्हींची उत्तरे गोलमाल आली तर पैसे घरात ठेवावेत.

घरच्या घरी करायचे तर आठवड्यातून एक तास पुरे. समजा चपलांचा कारखाना आहे. पहिल्या आठवड्यात नवे काही काढायचे नाही, फक्त परत आलेला आणि न विकला गेलेला माल समोर मांडायचा आणि तो का परत आला याची कारणे प्रत्येकाने आपापली लिहायची. बहुतेकांना हीच पायरी कंटाळवाणी वाटते आणि बहुतेक जण हीच वगळतात, तरी प्रश्न नीट ओळखण्याचे काम येथेच होते. दुसऱ्या आठवड्यात आपल्या हाताला येणाऱ्या कामांची यादी करावी: कातडे कापणे, शिवणे, चिकटवणे, ठसा उमटवणे. वस्तूची नव्हे, कामाची यादी. 'आम्ही चपला बनवतो' म्हणणाऱ्याला चपलाच दिसतात. 'आम्ही कातडे शिवतो' म्हणणाऱ्याला पट्टे, पिशव्या, अवजारांची म्यानेही दिसतात. नंतर दुसऱ्या धंद्याच्या बाजारात तासभर फिरून यावे, काही विकत न घेता.

नमुना ठरला की प्रयोगाची मर्यादा आधी ठरवावी. समजा महिन्याचा निव्वळ नफा वीस हजार रुपये आहे, तर त्यातले एक हजारच प्रयोगाला काढावेत आणि ते बुडाले असे समजूनच काढावेत. प्रयोगासाठी व्याजाने कर्ज घेऊ नये. ते हराम तर आहेच, शिवाय हप्त्याची तारीख डोक्यावर असलेला माणूस फसलेला नमुना वेळेवर सोडून देऊ शकत नाही. मोठी रक्कम लागतच असेल तर नफा-नुकसानीत भागीदार घ्यावा. तो पैसा लावण्यापूर्वी दहा प्रश्न विचारील आणि नमुन्याची निम्मी पारख तेथेच होईल.

एक वही मात्र ठेवावी. त्यात सूचना कोणाची, नमुना किती नगांचा केला, किती विकला, गिऱ्हाईक काय म्हणाले, एवढे रकाने असावेत. फसलेले नमुनेही लिहावेत, कारण पुढच्या वर्षी दुसरा शागीर्द तीच सूचना घेऊन येतो. ज्या शागीर्दाची सूचना होती त्याचे नाव त्याच्यासमोर वहीत लिहावे, आणि तो माल खपला तर नफ्यातील ठरलेला हिस्सा त्याच आठवड्याच्या मजुरीबरोबर त्याच्या हातात द्यावा. हिस्सा किती, हे सूचना येण्यापूर्वी ठरलेले असावे.